तुरट चव: पचनाच्या धड्यात राहून गेलेली गोष्ट



पचनसंस्थेचा धडा आपण सगळेच शिकवतो. लाळेत टायलिन, जठरात पेप्सिन, स्वादुपिंडातून अमायलेज, ट्रिप्सिन आणि लायपेज. फळ्यावर तक्ता काढला, पोरांनी वहीत उतरवला, परीक्षेत 'जोड्या लावा'मध्ये आला, की धडा संपला. या तक्त्यात विकरं कायम कामावर हजर असतात. अन्न आलं की विकर आलं आणि विकर आलं की पचन झालं. पण विकरांचं काम अडू शकतं का? कशानं अडतं? आणि अडलं तर आपल्या ताटाशी त्याचा काय संबंध? हे प्रश्न सहसा वर्गात येत नाहीत.

ते यायला पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. आपल्या धारूरकडं तर नक्कीच. कारण ते शिकवायला लागणारं बरंचसं साहित्य बालाघाटाच्या डोंगरावर उभं आहे आणि उरलेलं आपल्या चहाच्या पातेल्यात उकळतंय.

तुरट म्हणजे नेमकं काय होतं?

वर्गात पोरांना विचारा, तुरट काय काय लागतं? हिरडा, सुपारी, कच्चं केळ, जांभूळ, कोरा चहा अशी यादी दोन मिनिटांत तयार होते. मग विचारा, तुरट लागतं म्हणजे तोंडात काय होतं? एखादं पोरगं नक्की सांगेल, "सर, जीभ ओढल्यासारखी होते." उत्तर अगदी बरोबर आहे. आयुर्वेदानं सहा रसांत कषाय म्हणजे तुरट हा रस मोजला. आजचं विज्ञान तुरटपणाला चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळ ठेवतं. आपल्या लाळेत काही बुळबुळीत प्रथिनं असतात, त्यांच्यामुळं तोंड ओलं आणि गुळगुळीत राहतं. हिरड्यातली किंवा चहातली पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं या प्रथिनांना चिकटतात, दोघांचे मिळून गोळे होतात आणि तोंडातलं वंगणच निघून जातं. म्हणून जीभ खरखरीत होते, गाल आत ओढल्यासारखे वाटतात.

पॉलिफेनॉल हे एका पदार्थाचं नाव नाही, ते मोठं कुटुंब आहे. झाडं ही द्रव्यं स्वतःच्या बचावासाठी बनवतात, कीड, बुरशी आणि चरणारी जनावरं दूर राहावीत म्हणून. त्यातल्या मोठ्या आकाराच्या, प्रथिनांना घट्ट धरणाऱ्या गटाला टॅनिन म्हणतात. हे नाव चामडं कमावण्याच्या इंग्रजी शब्दावरून आलं. आपल्याकडं बाभळीची आणि तरवडाची साल चामडं कमवायला वापरत. तरवड म्हणजे माळावरचं ते पिवळ्या फुलांचं झुडूप, पोरांना रोज शाळेत येताना दिसणारं. सालीच्या पाण्यात कातडं भिजलं की सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना जखडून टाकतं. मग ते कातडं कुजत नाही. कुजत नाही याचं कारण जिवाणूंच्या विकरांना ते सहजासहजी तोडता येत नाही. बघा, इथंच पचनाचा धडा सुरू झाला.

विकर हेही प्रथिनच

ही एक गोष्ट पोरांच्या डोक्यात बसली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. लाळेतलं अमायलेज हे प्रथिन आहे. ट्रिप्सिन, लायपेज हीसुद्धा प्रथिनंच. जे द्रव्य कातड्याला चिकटतं, लाळेतल्या वंगणाला चिकटतं, ते विकराला का सोडेल?

पॉलिफेनॉलच्या रेणूवर कडेनं हायड्रॉक्सिल गट असतात. ते प्रथिनाशी हायड्रोजन बंध जोडतात आणि रेणूतली चपटी कडी प्रथिनाच्या योग्य जागी जाऊन बसतात. कधी ते विकराच्या कामाच्या खाचेतच अडकतात, मग अन्नाला तिथं जागा मिळत नाही. कधी बाजूला चिकटून विकराचा आकार थोडा बदलतात. कधी दोन-चार विकरं एकत्र बांधून त्यांचा साका करून टाकतात. आणखी एक वाट आहे. विकराऐवजी अन्नातल्या प्रथिनालाच धरायचं, म्हणजे ट्रिप्सिन मोकळं असूनही त्याला तोडायला काही सापडत नाही. परिणाम एकच, पचन मंदावतं.

मग आपण जगतो कसे? एक तर अन्नात इतर प्रथिनं भरपूर असतात, बरीचशी पॉलिफेनॉल त्यांनाच चिकटून संपतात. दुसरं म्हणजे लाळेतली प्रोलीन जास्त असलेली प्रथिनं पहारेकऱ्यासारखी पुढं उभी असतात. ती टॅनिनला तोंडातच पकडतात. उंदरांना टॅनिनवाली ज्वारी खाऊ घातली तर काही दिवसांत त्यांच्या लाळग्रंथी मोठ्या होतात आणि ही प्रथिनं जास्त तयार करू लागतात, असं प्रयोगात दिसलेलं आहे. शेळी बाभळीचा पाला-शेंगा मजेत खाते, तिच्या पोटात टॅनिन सहन करणारे आणि तोडणारे जिवाणू असतात. पोरांना शेळी माहीत असते, पण ती बाभूळ पचवते कशी हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नसतो.

ज्वारीची गोष्ट

आपल्या भागाचं पीक ज्वारी. रब्बीची पांढरी, मोत्यासारखी मालदांडी. या दाण्यात टॅनिन जवळपास नसतंच, म्हणून भाकरी गोड लागते. आणि पाखरांनाही ती गोडच लागते, म्हणून गोफण घेऊन माळ्यावर बसावं लागतं. आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेतल्या काही भागांत पाखरांचा त्रास फार, म्हणून तिथं तपकिरी, टॅनिनवाली ज्वारी पेरतात. पाखरं तिला कमी तोंड लावतात. पण जे पाखराला तुरट ते माणसालाही तुरट. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीची बिअर बनवणाऱ्यांना याचा थेट फटका बसला. मोड आलेल्या ज्वारीतल्या अमायलेजनं पिष्टाची साखर करायची, पण टॅनिन त्या अमायलेजलाच धरून ठेवायचं. त्यावर संशोधन होऊन दाणे वेगळ्या द्रावणात भिजवून टॅनिन निकामी करायच्या पद्धती निघाल्या. पूर्व आफ्रिकेत बायका असे दाणे लाकडाच्या राखेच्या पाण्यात भिजवत आल्या आहेत, त्यानंही टॅनिनचा जोर कमी होतो.

इथं एक गैरसमज टाळायला हवा. दाणा लाल दिसला म्हणजे त्यात टॅनिन असतंच असं नाही. दाण्याच्या सालीखालचा एक विशिष्ट थर रंगीत असेल तरच ते असतं.

आपल्याकडच्या कडधान्यांत टॅनिन असतं ते मुख्यतः टरफलात. हरभरा, चवळी, मटकी रात्रभर भिजवायची, ते पाणी फेकायचं, मोड आणायचे, मग उसळ करायची, ही आजीची रीत रसायनशास्त्राच्या कसोटीवर उतरते. भिजवण्यानं आणि मोड आणण्यानं टॅनिन कमी होतं. कडधान्यात ट्रिप्सिनला अडवणारी काही प्रथिनंही असतात. ती शिजवल्यावर बरीचशी निकामी होतात. टॅनिन मात्र नुसत्या उकळण्यानं तसं नष्ट होत नाही, चहा उकळूनही तुरटच राहतो ना! म्हणून भिजवणं आणि शिजवणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकानं दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

वर्गात करून बघण्यासारखा प्रयोग

साहित्य: तांदळाची पातळ, गाळलेली पेज, दूध-साखर न घातलेला घट्ट कोरा चहा (थंड करून), आयोडीनचं सौम्य द्रावण, चार परीक्षानळ्या किंवा काचेचे छोटे ग्लास, कोमट पाणी. लाळ एकाच व्यक्तीची घ्या, आणि ज्याची लाळ त्यानंच ती नळी हाताळायची.

पहिल्या नळीत पेज आणि पाणी. दुसरीत पेज आणि लाळ. तिसरीत लाळ आणि चहा आधी मिसळून पाच मिनिटं ठेवा, मग पेज घाला. चौथीत पेज आणि चहा, लाळ नाही. सगळ्या नळ्या 15-20 मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मग आयोडीन घाला.

पहिली निळी होते. दुसरीत निळा रंग येत नाही किंवा फिका येतो, कारण पिष्ट तुटलेलं असतं. तिसरीत साधारणपणे निळा रंग दुसरीपेक्षा गडद राहतो, म्हणजे अमायलेजचं काम अडलं. मग चौथी नळी कशाला? तीच या प्रयोगातली सगळ्यात शहाणी नळी आहे. चहातली पॉलिफेनॉल आयोडीनलाही खातात. आयोडीनचे पहिले काही थेंब चहाच गिळून टाकतो आणि रंग दिसत नाही. एखादं पोरगं पटकन म्हणेल, "चहानं पिष्ट पचवलं!" चौथी नळी सांगते की थांब, इथं लाळ नाही, पिष्ट जसंच्या तसं आहे, अजून थेंब घाल. रंग टिकेपर्यंत आयोडीन घालायचं आणि मग तिसरी-चौथीची तुलना करायची. विज्ञानात तुलनेची नळी का लागते, हे पोरांना इतक्या सोप्यात दुसरीकडं शिकवता येणार नाही.

1998 साली असाच प्रश्न माणसांच्या तोंडात तपासला गेला. खारं बिस्कीट खाल्ल्यानंतर चहानं चूळ भरली, तर तोंडात तयार होणारी माल्टोज साखर कमी झाली. दातांच्या दृष्टीनं ही चांगलीच गोष्ट.

आता मुद्द्याचं: चहा-भाकरी आणि निळी गोळी

इथपर्यंत सगळं गमतीचं वाटेल. पण टॅनिनचे तेच हात लोहालाही धरतात, आणि इथं गंमत संपते.

हेही डोळ्यांनी दाखवता येतं. लोहाच्या गोळीचा चुरा पाण्यात घोळा आणि त्यात कोरा चहा किंवा हिरड्याचा काढा घाला. पाणी काळपट होतं. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई याच गुणावर बनायची. तुरट द्रव्यानं धरलेलं लोह आतड्यातून रक्तात नीट जात नाही. 1975 साली दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात पावासोबत किंवा भाताच्या जेवणासोबत चहा घेतल्यावर लोहाचं शोषण घटलेलं दिसलं. म्हणजे टॅनिन दोन ठिकाणी आडवं येतं. ते विकराला धरून प्रथिनाचं पचन मंदावतं, आणि लोहाला धरून रक्ताची वाट अडवतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या बालकांपैकी 68.9 टक्के, आणि 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयाच्या सापडल्या. याचं खापर एकट्या चहावर फोडणं चूक ठरेल. अन्नच कमी, हिरवी भाजी कमी, जंत, लवकर लग्नं, लागोपाठ बाळंतपणं, अशी मोठी यादी आहे. पण ज्या ताटात लोह आधीच कमी, त्या ताटाशेजारी चहाचा कप ठेवणं म्हणजे गळक्या घागरीला आणखी एक भोक पाडणं.

आपल्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पोरं कधी आजी-आजोबांकडं, कधी हंगामी वसतिगृहात, कधी आईबापाबरोबर फडावर. अशा घरात सकाळचा नाष्टा म्हणजे बऱ्याचदा चहा आणि शिळी भाकरी, नाहीतर चहा आणि बिस्कीट. दूध नसेल तर कोरा चहा. दुधाच्या चहात काही पॉलिफेनॉल दुधातल्या केसीनला आधीच चिकटलेली असतात, कोऱ्या चहात ती मोकळी असतात. म्हणजे ज्याच्या घरात दूध नाही त्याच्याच पोटात जास्त मोकळं टॅनिन जातं. (दुधाचा चहा जेवणाबरोबर चालतो असा याचा अर्थ मात्र काढू नका. दुधातलं कॅल्शियमही लोहाच्या वाटेत येतं.)

शाळेत आपण आठवड्याला लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतो. 5 ते 9 वर्षांच्या मुलांना गुलाबी, 10 ते 19 वर्षांच्या मुलामुलींना निळी. निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. आपण गोळी वाटतो, नोंदवहीत बरोबरची खूण करतो. पण ती गोळी पोटात कशासोबत गेली याची नोंद कोण ठेवतं? चहाबरोबर गेलेल्या गोळीचीही खूण तशीच होते. माझ्या मते त्या नोंदवहीपेक्षा 'गोळी आणि जेवण यांच्या आगेमागे तासभर चहा नाही' हे एक वाक्य पोरांच्या घरी पोचणं जास्त गरजेचं आहे. तासभराचा आधारही आहे. 2017 साली इंग्लंडमधल्या स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात जेवणानंतर लगेच न घेता एक तासानं चहा घेतला, तर लोहाच्या शोषणातली घट बरीच कमी झालेली आढळली. चहा सोडा असं सांगितलं तर घरात कुणी ऐकणार नाही. चहा थोडा मागं सरकवा म्हटलं, तर ऐकतील. आणि जेवणात लिंबाची फोड असली तर क जीवनसत्त्व टॅनिनचा जोर बऱ्याच अंशी मोडून काढतं.

आणि नाण्याची दुसरी बाजू

आता उलट प्रकार. मोबाईलवर रोज एक संदेश फिरतो, जांभळाच्या बियांची पूड घ्या, सीताफळाच्या पानांचा काढा घ्या, शुगर पळून जाईल. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या डोंगरात सीताफळाला तोटा नाही. पानं तर फुकटच. मग आजोबा गोळी बंद करतात आणि काढा सुरू करतात.

या संदेशात तथ्याचा कण आहे, म्हणूनच तो धोक्याचा आहे. अनेक वनस्पतींचे अर्क परीक्षानळीत अमायलेजला आणि आतड्यातल्या अल्फा-ग्लुकोसिडेज या विकराला अडवतात. पिष्ट सावकाश तुटलं तर साखरही रक्तात सावकाश चढते. डॉक्टर देतात ते अ‍ॅकार्बोज नावाचं औषध हेच काम करतं. ते मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. त्याची मात्रा मोजलेली असते. न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन जिवाणूंच्या हाती पडतं, म्हणून गॅस होतो, पोट गुबारतं, हा त्रासही माहीत असतो.

काढ्याचं तसं नाही. परीक्षानळीत विकर आणि अर्क हे दोघंच समोरासमोर असतात. आतड्यात भाकरी असते, डाळ असते, पित्त असतं, आणि पॉलिफेनॉल यांतल्या कशालाही चिकटू शकतं. किती पानं, किती उकळली, किती पॉलिफेनॉल उतरलं, याचा हिशोब घरात कुणाकडं नसतो. शिवाय झाडाच्या पानात फक्त पॉलिफेनॉल नसतं. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावताना डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. झाडाचं आहे म्हणून निरुपद्रवी, हे समीकरण आपण वर्गातच मोडायला हवं. कोणताही काढा डॉक्टरांनी दिलेल्या गोळीच्या जागी घ्यायचा नाही, हे पोरांनी घरी जाऊन आजोबांना सांगायला पाहिजे, आणि का ते समजावूनही सांगता यायला पाहिजे.

मग शिकवायचं काय?

एकच गुण, विकराला अडवण्याचा. किडक्या, रक्त कमी असलेल्या पोराला तो घातक. गोड खाऊन साखर वाढलेल्या माणसाला, मोजून-मापून आणि डॉक्टरांच्या हातून, उपयोगाचा. झाडाला तर तो जीव वाचवणारा. म्हणून 'टॅनिन वाईट' किंवा 'पॉलिफेनॉल चांगलं' असं एका शब्दातलं उत्तर पोरांना देऊच नये. प्रश्न असा विचारायला शिकवावं: कोणाला, किती आणि केव्हा? हे तीन शब्द एकदा अंगवळणी पडले की मोबाईलवरच्या प्रत्येक आरोग्य संदेशाला ते लावता येतात.

काहीजण म्हणतील, अभ्यासक्रम आधीच भरगच्च, त्यात हे कुठं बसवायचं? याला वेगळा तास लागत नाही. लाळेचा आणि आयोडीनचा प्रयोग आपण तसाही करतो. त्यात फक्त दोन नळ्या वाढवायच्या. गोळी वाटतो त्या दिवशी काळ्या पाण्याचा प्रयोग पाच मिनिटांत होतो. शालेय पोषण आहाराच्या उसळीचं कडधान्य भिजवलेलं पाणी का फेकायचं, हे स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाच वर्गात बोलावून सांगायला लावा. पोरांसमोर त्यांचाही मान वाढतो. आणि पालकसभेत दहा विषयांबरोबर अकरावा: गोळीच्या दिवशी चहा तासभर उशिरा, आणि ताटात लिंबू.

हंगामी स्थलांतराच्या आधीची पालकसभा यासाठी सगळ्यात महत्त्वाची. एकदा माणसं फडावर गेली की सहा महिने हाती लागत नाहीत. त्यांच्याबरोबर आपण पुस्तक पाठवू शकत नाही, पण हे एक वाक्य पाठवू शकतो. तेवढं यंदा दिवाळीच्या आधी करूया.